वडिलांची १९६८ ची फियाट ११०० : ठेवावी की विकावी?

सातारकर_६८ (शनिवार, सकाळी ९:१०)

आधी गाडीची माहिती देतो, म्हणजे सल्ला नेमका मिळेल.

फियाट ११००, १९६८ ची, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातली. पेट्रोल, १०८९ सीसी, चार गिअर, दांडा स्टिअरिंगच्या खाली. नंबर जुना तीन अक्षरी. आरसी पुस्तक मूळ आहे, वडिलांच्या नावावर, पत्ता साताऱ्याचा. नोंदणीचं रिन्यूअल २०१४ ला संपलं, विमाही त्याच सुमारास. तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये शेडखाली उभी, चारही टायर बसलेले. उभी केली तेव्हा इंजिन चालू होतं.

वडील गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. वारस आई, मी, नाशिकची बहीण आणि न्यू जर्सीचा भाऊ. बहीण म्हणते विका, भाऊ म्हणतो ठेवा. आई म्हणते तुम्ही ठरवा, पण पोर्च मोकळं करा.

एका गृहस्थांनी फोटो पाहून "जशी आहे तशी" मागितली आहे. कागदांचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा, असं म्हणतात. उद्या बॅटरी आणून एकदा चालू करून बघावी म्हणतोय. चालू झाली तर किंमत वाढेल ना?

पत्रा_पाना (शनिवार, सकाळी ९:४८)

बॅटरी आणू नका. सेल्फ मारू नका. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलेंडरच्या भिंतींवर तेलाचा थर राहत नाही. पिस्टनची एखादी रिंग गंजून चिकटलेली असेल तर पहिल्या झटक्यातच तुटते किंवा बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडा पाडते. तुम्ही पाच मिनिटं "चालू करून बघितलं" म्हणून पुढच्या माणसाला बोअरिंग करावं लागतं, आणि तो ते किमतीतून कापतो.

क्रम असा ठेवा.

चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून साधारण १० मिली इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. मग प्लग न लावता, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढून हँडल घालून हाताने फिरवा. दोन पूर्ण फेरे अडथळ्याशिवाय झाले तर इंजिन मोकळं आहे. अडलं तर जोर लावू नका. पुन्हा तेल सोडा, अजून दोन दिवस थांबा, मग चौथ्या गिअरमध्ये गाडी मागेपुढे हलकी ढकलून बघा. हँडलवर लोंबकळणाऱ्यांनी बरेच कनेक्टिंग रॉड वाकवलेत.

टाकीतलं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नसतं. वास रंगासारखा येतो, तळाला चिकट थर असतो. टाकी उतरवून रिकामी करा. पहिल्यांदा सुरू करताना टाकी जोडूच नका, बाटलीतून नवं पेट्रोल द्या. रेडिएटरमधलं पाणी काढा. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यात साधं नळाचं पाणी वर्षानुवर्षं राहिलं की पाण्याच्या वाटांशी हेड खाल्लं जातं. काढलेलं पाणी नुसतं तांबूस असेल तर ठीक, त्यात पांढरी भुकटी दिसली तर हेड उतरवून बघावं लागेल असं धरून चला.

पण हे सगळं नंतर. इंजिन कधीही दुरुस्त होतं, पत्रा मात्र होईलच असं नाही. ११०० ला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. म्हणून खालच्या पट्ट्या गेल्या तर गाडीचा कणाच गेला.

फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या, पातळ कापडात गुंडाळा आणि या जागी लावून बघा: चारही दारांच्या खालची हातभर पट्टी, दाराखालचे सिल, मडगार्डची कमान, पुढच्या खांबाचं खालचं टोक, हेडलाइटभोवतीचा पत्रा. चुंबक पकडत नसेल तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पायपुसणी उचलून तळ बघा, डिकीतलं स्पेअर व्हील काढून त्याखाली बघा, बॅटरीचा ट्रे बघा. पेचकसाच्या मुठीने ठोका, टणटण आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आला तर गंज किंवा लांबी. शेवटी जॅक लावायच्या जागा. तिथे जॅक लावल्यावर पत्रा आत दबत असेल तर बाकीचं तपासायचीही गरज नाही, तेवढ्यावरच भाव ठरतो.

कागदोपत्री (शनिवार, सकाळी १०:३०)

त्या गृहस्थांना नम्रपणे थांबवा. मयत माणसाच्या नावावरची गाडी विकता येत नाही. "फक्त सह्या करा" म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० कोरे घेणार, वर वडिलांची सही कुणीतरी ठोकणार. तो गुन्हा आहे, आणि चुकून पुढे गेलं तरी गाडी कागदावर तुमच्याच घरात राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईला नोंदणीकृत मालकच जबाबदार, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो.

रीतसर मार्ग असा. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तुमची मुदत गेली, त्याने काम अडत नाही, थोडा दंड पडतो. लागतं ते असं: मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आणि ज्याच्या नावावर करायची तो सोडून बाकी सर्वांची ना-हरकत. परदेशातल्या भावाची ना-हरकत तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा. व्हॉट्सअॅपवर फोटो काढून पाठवलेली चालत नाही.

हिस्से विचारलेत नाहीत, पण नंतर वाद होतो म्हणून सांगते. हिंदू वारसा कायद्याने आई आणि तीन मुलं यांना सारखा, म्हणजे प्रत्येकी पाव हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर त्याही पहिल्या वर्गातल्या वारस, मग पाच हिस्से. आजी आहेत का?

सातारकर_६८ (शनिवार, सकाळी १०:४१)

आजी नाहीत. चार हिस्से.

कागदोपत्री (शनिवार, सकाळी १०:५५)

मग सोपं आहे. अजून एक अडचण आधीच बघून ठेवा. १९८९ च्या आधीचे तीन अक्षरी नंबर बऱ्याचदा 'वाहन' या आरटीओच्या ऑनलाइन प्रणालीत चढलेलेच नसतात. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. काहीच आलं नाही तर आधी आरटीओत बॅकलॉग एंट्रीसाठी अर्ज द्यावा लागेल. ते जुन्या रजिस्टरवरून पडताळून नोंद चढवतात. ती नोंद होईपर्यंत विमा, पीयूसी, हस्तांतरण, काहीच ऑनलाइन पुढे सरकत नाही. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला जातो, म्हणून गाडी ठेवायची की विकायची हे ठरायच्या आधीच हे काम लावून द्या. दोन्ही वाटा तिथूनच जातात.

मिलेचेंतो (शनिवार, दुपारी १२:२०)

ठेवा, अर्थातच. प्रश्न कसला त्यात? ('विका' हा सल्ला देणाऱ्यांनी आधी या गाडीचं बोनेट उघडून बघावं.)

हिशेबी (शनिवार, दुपारी १:०५)

मिलेचेंतो, तुमचं प्रेम समजतं, पण पोर्च त्यांच्या आईचं आहे.

भावनेला बाजूला ठेवून बाजाराबद्दल. कुर्ल्याच्या या घराण्यात तीन थर आहेत. पहिला, १९५४ पासूनची ११००-१०३, मुंबईकरांची 'डुक्कर फियाट'. संग्राहक तिच्याच मागे असतात, कारण उरल्यात कमी आणि रूप वेगळं. तिसरा थर प्रीमियर पद्मिनी. तिचं उत्पादन २००० च्या आसपासपर्यंत चाललं, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली, ती २० वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. म्हणजे पद्मिनी दुर्मिळ नाही. तुमची १९६८ ची मधल्या थरातली. दिसायला पद्मिनीसारखी, म्हणून अनोळखी माणूस पद्मिनीचाच भाव सांगणार. ती त्याआधीची आहे हे कागदावर आणि तपशिलात दाखवता आलं तरच फरक पडतो: पुढची जाळी, मागचे दिवे, डॅशबोर्ड, घड्याळं, हबकॅप, हॉर्नची रिंग.

यावरून एक ताबडतोबीचं काम. माळ्यावर, कपाटामागे, शेडच्या कोपऱ्यात या गाडीचं काय काय पडलंय ते सगळं एका खोक्यात गोळा करा. जुनी जाळी, दिव्याची काच, दुसरी किल्ली, जॅक, पान्यांची पिशवी, माहितीपुस्तिका, जुनी बिलं. पोर्च साफ करताना हेच आधी भंगारात जातं.

नाना_गॅरेज (शनिवार, सायंकाळी ६:३०)

विकायची असली तरी आधी रंग मारू नका, हे हात जोडून सांगतो. लोक विकण्याआधी चकचकीत करतात. नवा रंग बघून जाणकार गिऱ्हाईक उलट घाबरतं, कारण खाली काय दडलंय ते कळत नाही. जुना फिका रंग आणि दिसणारा गंज याला प्रामाणिक भाव येतो. ताज्या रंगावर घातलेला खर्च निम्मासुद्धा वसूल होत नाही.

धुवा, आतून झाडा, उंदरांची घरटी काढा, टायरमध्ये हवा भरा. बास.

सातारकर_६८ (रविवार, दुपारी ११:५०)

काल-आज तपासलं.

चुंबक: डाव्या बाजूचा सिल आणि डावं मागचं दार खाली, पकडत नाही. उजवी बाजू ठीक. डिकीचा तळ गंजलाय पण भोक नाही. जॅकच्या जागा टणक आहेत. पुढे पायाखालचा तळ डावीकडे तळहाताएवढा कुजलाय.

हँडलने इंजिन फिरलं, दुसऱ्या प्रयत्नात. पाणी तांबूस, पांढरं काही नाही.

एक घोळ आहे. चेसिस नंबर आरसीशी जुळतो. इंजिन नंबर जुळत नाही! अजिबात वेगळा आहे.

पत्रा_पाना (रविवार, दुपारी १२:१५)

पत्र्याचा निकाल चांगला आहे. डावीकडे बहुधा शेडचं पाणी पडत असणार. सिल बाहेरून कापून नवी पट्टी वेल्ड करता येते. आतली पट्टी शाबूत असेल तर दोन्ही बाजूंना जॅक न लावता, गाडी चाकांवर उभी ठेवूनच सिल बदला. कारण जॅकवर असताना सिल कापला की दाराची चौकट वाकते आणि नंतर दार लागत नाही. तळाला ठिगळ लावायचं तर चांगल्या पत्र्यापर्यंत कापूनच. कुजलेल्यावर वरून चिकटवलेलं ठिगळ दोन पावसाळे काढतं.

इंजिनचं कागदोपत्री सांगतील.

कागदोपत्री (रविवार, दुपारी १२:४०)

घाबरू नका, पण काही गोष्टी लगेच. नंबरवर ग्राइंडर किंवा लोखंडी ब्रश मारू नका. थिनर आणि दात घासायच्या ब्रशने स्वच्छ करा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्या, चेसिस नंबरचाही घ्या. आणि "नंबर मारून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही गाडीजवळ येऊ देऊ नका. पुन्हा कोरलेला नंबर सापडला तर गाडी जप्त होते, आणि मग कोणतंच प्रतिज्ञापत्र कामाचं नाही.

आता आरसी पुस्तकाची शेवटची पानं वाचा. शिक्के, हाताने लिहिलेल्या ओळी, सगळं. ११०० आणि पद्मिनी दोन्हींना तेच १०८९ सीसी इंजिन, त्यामुळे त्या काळी बोअरिंग करण्यापेक्षा दुसरं इंजिन बसवणं हे सर्रास चालायचं. ज्यांनी नियमाने केलं त्यांची नोंद मागच्या पानावर असते.

सातारकर_६८ (रविवार, दुपारी २:०५)

सापडलं! १९८३ चा शिक्का, खाली नवा इंजिन नंबर, अधिकाऱ्याची सही. ठशाशी तंतोतंत जुळतो. पहिल्या पानावरच जुना नंबर छापलेला असल्याने लक्षात आलं नाही.

कागदोपत्री (रविवार, दुपारी २:२०)

मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचं, गाडीतला फेरफार नोंदवायचं नवं काम वाचलं, नाहीतर इंजिनाची खरेदी पावती शोधत बसावं लागलं असतं. आता बॅकलॉग एंट्री करताना त्या पानाची प्रत जोडा आणि नवाच इंजिन नंबर चढवायला सांगा. कारकून पहिल्या पानावरचा जुना नंबर टाकतात, मग तपासणीच्या दिवशी निरीक्षक नामंजूर करतो आणि दुरुस्तीचा वेगळा अर्ज. नोंद झाल्या झाल्या स्क्रीनवर स्वतः वाचून घ्या.

हिशेबी (रविवार, दुपारी ३:३०)

किमतीवर परिणाम होतो हे मात्र खरं. मूळ इंजिन असलेली गाडी आणि १९८३ चं इंजिन असलेली गाडी यांचा भाव संग्राहकांकडे एक नाही. चालवण्यासाठी घेणाऱ्याला फरक पडत नाही. म्हणून तुमचं गिऱ्हाईक कोण हे आता ठरलं: संग्राहक नव्हे, रविवारी चालवणारा.

ठेवायची तर कागदांचा खर्च मोजा. २० वर्षांवरच्या चारचाकीचं रिन्यूअल शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये, पाच वर्षांसाठी. म्हणजे वर्षाला २,०००. थर्ड पार्टी विमा १००० ते १५०० सीसी गटात ३,४१६ अधिक १८ टक्के जीएसटी, साधारण ४,०३१. दोन्ही मिळून महिन्याला पाचशेच्या घरात. वर पर्यावरण कर, पीयूसी. शिवाय एकदाच भरायचा रिन्यूअलच्या विलंबाचा दंड, तो मात्र महिन्याला ५०० रुपये, म्हणून किती वर्षांचा लावतायत ते खिडकीवर विचारून घ्या. कागदांनी कुणी बुडत नाही. बुडतात ते जागेने. शहरात भाड्याचं झाकलेलं पार्किंग घ्यावं लागत असेल तर वर्षभरात तेवढ्या पैशात सिल, तळ आणि ब्रेक होतात. तुमच्याकडे पोर्च आहे, पण आई ते मोकळं मागतायत. म्हणून मूळ प्रश्न "गाडी कुठे झोपणार" हाच आहे.

मिलेचेंतो (रविवार, दुपारी ४:१०)

व्हिंटेज नोंदणी करा की! ५० वर्षं कधीच झाली.

कागदोपत्री (रविवार, सायंकाळी ५:००)

करता येते, पण करावी का, ते बघा. २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा ही अट. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण ५,०००. नव्याने नोंदणाऱ्याला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

गोम पुढे आहे. व्हिंटेज गाडी रस्त्यावर रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. सकाळी वाईला मिसळ खायला जायचं असेल तर साधं रिन्यूअलच बरं. शिवाय विकताना "रोज चालवता येते" हे वाक्य गमावता. फायदा एक आहे: व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सूट. पण ती सूट वर्षाला दोन हजारांच्या आसपास, त्यासाठी कुणी बंधन घालून घेऊ नये. १९८३ ला इंजिन बदललेलं आहे, त्यावरही प्रश्न विचारले जातील.

आणि दिल्लीची बातमी वाचून कुणी घाबरवलं तर: १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांची ती बंदी दिल्ली-एनसीआरची होती. साताऱ्यात तपासणीत पास झाली, पीयूसी आणि विमा असला की गाडी चालते.

नाना_गॅरेज (रविवार, सायंकाळी ७:४५)

ठेवणार असाल तर ब्रेक आधी, इंजिन नंतर. चारही चाकांना ड्रम, आणि हायड्रॉलिक सर्किट एकच. म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, दुसरा आधार हँडब्रेकचा. त्यामुळे लवचिक रबरी पाइप, प्रत्येक चाकाचे व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरची किट, हे सगळं एकदम बदला. "हा चांगला दिसतोय, राहू द्या" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका, उभ्या गाडीतलं रबर वरून चांगलं आणि आतून सुजलेलं असतं. सुजलेला पाइप तेल जाऊ देतो, परत येऊ देत नाही, मग एकच चाक धरून बसतं. ब्रेकचं तेल डॉट ३ किंवा ४ दर्जाचं. काम झाल्यावर पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा, खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळतंय.

पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. किंगपिन सेट मिळतो, पण बसवून रीमर मारणारा (भोक नेमक्या मापाला घासून देणारा) माणूस शोधावा लागतो.

टायर पाचही नवे. नक्षी कितीही असो, इतके जुने टायर महामार्गावर फुटतात.

डायनॅमो असलेल्या गाडीला मंद गतीवर चार्जिंग नसतं, ते बिघाड समजून कटआउट (चार्जिंग सांभाळणारा डबा) बदलू नका. गती वाढवल्यावर बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, आले की झालं.

सुटे भाग: पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. इंजिन, क्लच, ब्रेकचं मिळतं, पद्मिनीमुळे. न मिळणारं म्हणजे १९६८ च्या खास वस्तू, जाळी, काचा, क्रोम. म्हणून हिशेबींनी सांगितलेलं खोकं.

पत्रा_पाना (रविवार, रात्री ९:१०)

नानांच्या यादीत पेट्रोल घाला. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि या गाडीतलं रबर त्या काळचं नाही. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, कार्ब्युरेटरची वॉशर आधी मऊ होतात मग चिरतात. नळी चिरली तर थेंब गरम एक्झॉस्टवर पडतो, आग तिथूनच लागते. नळ्या एफकेएम रबराच्या किंवा इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, पंपाच्या पडद्याची नवी किट टाका, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर बसवा. गाडीत छोटं अग्निशामक ठेवा, डिकीत नव्हे, सीटजवळ.

ई-२० वर मिश्रण पातळ पडतं, साधारण ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. सोलेक्स कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक घर वाढवून बघा. जेटमधून जाणारं इंधन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून १२५ चा १३० केला की क्षेत्रफळ ८ टक्के वाढतं, नेमकं हवं तेवढं. तरी चढावर खोकत असेल तर जेट नाही, ठिणगीचे पॉइंट आणि टायमिंग बघा. पीयूसीला या जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, नीट ट्यून केलेली ११०० त्यात बसते. जेट फार वाढवलात तर बसणार नाही.

उभी ठेवायची असेल तेव्हा कार्ब्युरेटर रिकामा करा, ई-२० पाणी ओढतं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचं लायनिंग ड्रमला चिकटतं, चाकाला ठोकळा लावा. पंधरा दिवसांनी पाच मिनिटं जागेवर चालू करणं हे न चालवण्याहून वाईट. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइल तापतच नाही. चालवायची तर २०-२५ किलोमीटर चालवा. प्लास्टिकचं कव्हर नको, सुती घ्या.

एडिसनकर (सोमवार, पहाटे ४:३०)

भाऊ न्यू जर्सीत म्हणून लिहितो. इथे २५ वर्षांवरच्या गाडीला सुरक्षेच्या मानकांतून सूट मिळते, २१ वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला प्रदूषणाच्या मानकांतून. म्हणजे आणता येते. पण उजव्या हाताची स्टिअरिंग, इथे सुटे भाग इटलीहून मागवायचे, आणि कंटेनरचं भाडं गाडीच्या किमतीशी भांडेल. भावाला गाडी प्रिय असेल तर ती साताऱ्यातच ठेवण्याचा खर्च त्याने वाटून घ्यावा. (भारतातून १९५० पूर्वीच्या गाड्या बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, तुमचीला ते लागत नाहीत.)

हिशेबी (सोमवार, सकाळी ९:००)

एडिसनकरांचा मुद्दा नेमका. "ठेवा" म्हणणाऱ्याने वाटा उचलायचा. पद्धत अशी: चौघांनी मिळून दोन-तीन स्वतंत्र लोकांकडून "आहे त्या अवस्थेत, कागद वारसाच्या नावावर झाल्यावर" असा भाव लेखी घ्या. तुमच्या घरी येऊन बघणाऱ्यांचाच, फोटोवरचा नाही. ज्याला ठेवायची त्याने बाकीच्यांना प्रत्येकी पाव हिस्सा द्यावा. आईने हिस्सा सोडला तर तसं लिहून घ्या.

विकलीत तर भाव करण्याआधी फोटो असे काढा: तळ खालून, चारही कमानी, दारांची खालची कड, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि १९८३ चं पान. डावा सिल मुद्दाम जवळून दाखवा. दाखवलेला दोष एकदा भाव पाडतो, लपवलेला दोष घरी आलेल्या माणसासमोर दोनदा.

पैसे बँकेतूनच. एका व्यक्तीकडून २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड. वैयक्तिक वापराची गाडी विकून नफा झाला तर भांडवली नफा कर लागत नाही, वारसाहक्काने मिळाल्यावरही कर नाही. गाडी ताब्यात देताना तारीख-वेळ लिहिलेली पावती, आणि हस्तांतरणाचा अर्ज त्याच दिवशी ऑनलाइन. किल्ली आणि अर्ज एकत्र.

नाना_गॅरेज (सोमवार, सकाळी ९:२०)

विमा घेताना जुनी गाडी म्हणून नुसती थर्ड पार्टी देतील. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची हवी असेल तर पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. मूल्यांकनाचा अहवाल आणि फोटो घेऊन जा, नाहीतर भंगाराचा आकडा लिहितात.

मिलेचेंतो (सोमवार, सकाळी १०:००)

सगळं मान्य. तरी ठेवा.

सातारकर_६८ (मंगळवार, रात्री ८:४०)

चौघांचं बोलणं झालं. नाव आधी माझ्यावर चढवायचं, सर्वांची ना-हरकत, मग भाव काढायचा. भाऊ ब्रेक, टायर आणि सिलचा खर्च देतो म्हणाला तर ठेवू, नाहीतर दिवाळीपर्यंत विकू. आई पोर्चऐवजी मागच्या गोठ्याच्या जागेला तयार आहे, पण तिथे जमीन मातीची आहे. चालेल का?

पत्रा_पाना (मंगळवार, रात्री ९:०५)

मातीवर नको. पावसाळ्यात जमिनीतून वाफ वर येते आणि तळ खालून कुजतो, वर छप्पर असून उपयोग नाही. चाकांच्या दोन पट्ट्यांपुरतं तरी काँक्रीट घाला, चार इंच जाड, मधे जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर खडी. गाडी तिथे नेण्याआधी डावा तळ ब्रशने साफ करून गंजरोधक प्रायमर मारा, रंग नव्हे. आणि छपराचं पाणी डावीकडे पडणार नाही इकडे बघा, आधीच एक सिल त्याने खाल्लाय.

कागदोपत्री (मंगळवार, रात्री ९:३०)

नवीन आरसी निघाली की त्यात नॉमिनीचं नाव घाला, आता ती सोय आहे. आणि बॅकलॉगचा अर्ज उद्याच द्या.